पडीक जागेच्या पोटात काय आहे?

माती खाणारे मूल आणि त्याची हैराण झालेली आई ही जोडी आमच्या दवाखान्यात नवी नाही. भिंतीचा पोपडा, पाटीवरची पेन्सिल, चुलीतली राख, जे हाती लागेल ते ही मुले तोंडात घालतात. अशा मुलाच्या रक्तात बहुधा लोह कमी असते आणि पोटात जंत असतात. जंताचे औषध दिले, लोहाचे पातळ औषध दोन-तीन महिने चालू ठेवले, जेवणात पालेभाजी, कडधान्य, गूळ-शेंगदाणे वाढवले, की बहुतेकांची सवय सुटते. म्हणून गेल्या पावसाळ्यात एक बाई तीन वर्षांच्या मुलाला घेऊन आली आणि "सायेब, लेकरू माती खाते, मारलं तरी आयकत नाही" म्हणाली, तेव्हा मीही नेहमीचीच चिठ्ठी लिहून दिली.

दोन महिन्यांनी ती परत आली. मूल अधिकच पांढुरके दिसत होते. पोट दुखते म्हणून रात्री रडायचे, शौचाला खडा व्हायचा, आणि जे चार शब्द नीट बोलायचे तेही हल्ली बोलत नाही, अशी आजीची तक्रार. मी विचारले, माती कुठली खातो? "घरामागच्या जिनातली," आई म्हणाली. भिंतीला भगदाड आहे, तिथून पोरे आत खेळायला जातात.

ते जीन मला माहीत होते. मुलाचे रक्त शिशाच्या तपासणीसाठी मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत पाठवले. एक डेसिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे आढळले, तर ते कोठून येते याचा शोध घ्या, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. या मुलाचा आकडा त्याच्या कितीतरी पुढे होता.

गावाचे नाव मुद्दाम देत नाही. घाटाखालचे गाव आहे एवढे पुरे. मुलाची ओळख उघड होऊ नये हे एक कारण. दुसरे असे की, अशी जागा ज्या गावात नाही ते गाव आपल्या जिल्ह्यात शोधावे लागेल.

आपला मुलूख कापसाचा. जलंबहून खामगावला जाणारा लोहमार्गाचा फाटा १८७० साली सुरू झाला तो कापसासाठीच, आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. पुढे गावोगाव जीन आणि प्रेस उभे राहिले, त्यांच्या आडोशाने कामगारांचे फैल वसले. काळ बदलला, जुनी जिने बंद पडली. वारसांत वाद झाले, पत्रे चोरीला गेले, सरकीच्या कोठारावर पिंपळ उगवला. पण फैल तिथेच राहिला. माणसे तीच, भिंत तीच, भिंतीपलीकडे मात्र कोणी विचारणारे नाही.

अशा बेवारस जागेला नवा धनी लवकर मिळतो. आमच्या गावच्या त्या जिनात काही वर्षे जुन्या बॅटऱ्या फोडण्याचे काम चालले. ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या, घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या. फैलातल्या एका म्हाताऱ्याने मला सांगितले, "कुऱ्हाडीनं फोडत जी. तेजाब नालीत सोडत. रातच्याला भट्टी लावत, धुराची चव जिभेवर येत होती." शिसे ३२७ अंशांवर वितळते, म्हणजे त्याला फार मोठी भट्टी लागत नाही. काम करणारे निघून गेले. राखट भुकटी आणि चिरा पडलेले प्लॅस्टिकचे डबे राहिले. तिथल्या काळ्या मातीत राखाडी पट्टे आजही दिसतात.

शिशाचा स्वभाव असा की ते कुजत नाही, वाफ होऊन उडून जात नाही, पावसाने फारसे खोल उतरत नाही. वरच्या वीतभर मातीत ते पिढ्यान्‌पिढ्या बसून राहते, म्हणजे नेमके तिथे, जिथे मुले खेळतात. मोठ्या माणसाने शिसे गिळले तर त्याचा सुमारे दहावा भाग अंगात शिरतो, लहान मुलाच्या अंगात मात्र निम्म्यापर्यंत शिरू शकतो. त्यातही ज्याच्या अंगात लोह आणि कॅल्शियम कमी, त्याचे आतडे शिसे अधिक ओढून घेते. आता चक्र पाहा: रक्तक्षय म्हणून मूल माती खाते, मातीत शिसे, आणि रक्तक्षयामुळेच ते शिसे अंगात जास्त मुरते. शिसे स्वतः रक्त तयार होण्याच्या क्रियेत अडथळा आणते, म्हणजे रक्तक्षय आणखी वाढतो. माझ्या पहिल्या चिठ्ठीतले औषध चुकीचे नव्हते, पण अपुरे होते. माती कुठली हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

मेंदूवरचा परिणाम सर्वांत वाईट. बुद्धी मंदावते, लक्ष लागत नाही, मूल चिडचिडे होते आणि शाळेत 'ढ' ठरते. हे नुकसान बरेचसे भरून येत नाही. शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही, असे आज वैद्यकशास्त्र मानते. युनिसेफने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात भारतातील सुमारे २७ कोटी ५० लाख मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे असावे असा अंदाज आहे. एवढ्या मुलांना हे सगळे पडीक जागेतून मिळत नाही हे खरे. रंग, भांडी, भेसळीची हळद अशा अनेक वाटा आहेत. (जुन्या पद्धतीचा शेंदूर म्हणजेही शिशाचे संयुगच. देवाला जरूर लावा, पण लहान मुलांचे हात लगेच धुवा.)

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मुलाचा अहवाल आला त्याच महिन्यात माझ्याकडे एक पावतीपुस्तकही आले. फैलातील तरुण मंडळ, दोन-तीन व्यापारी आणि नगरसेवक मिळून त्या जिनाच्या जागेवर बालोद्यान करणार होते. घसरगुंडी, झोके, म्हाताऱ्यांसाठी ओटे, कडेने झाडे. कल्पना उत्तम. फैलात मोकळी जागा नाही, मुले रस्त्यावर खेळतात. त्या पडीक जागेत गाजरगवत कंबरेएवढे, त्याच्या परागाने अंगाला खाज आणि दमा. फुटक्या टायरांत पावसाचे पाणी आणि त्यात डेंग्यूचे डास. संध्याकाळनंतर दारू आणि जुगार. बायका त्या भिंतीकडून जायला भितात. ही जागा साफ व्हावी असे कोणाला वाटणार नाही? मलाही वाटत होते. पण मी वर्गणी देताना अट घातली, आधी माती तपासा. ते मंडळींना आवडले नाही. "डॉक्टरसाहेब, चांगल्या कामात खोडा घालू नका," असे एकजण म्हणालाही.

एकाने तत्परतेने उत्तर दिले, माती परीक्षण करून आणले आहे. कागद पाहिला तर तो शेतकऱ्याला मिळतो तो मृदा आरोग्य पत्रिकेचा. हा घोटाळा अनेकांच्या मनात असतो म्हणून स्पष्ट सांगतो. त्या पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन एवढेच पाहतात. पीक कसे येईल ते त्यावरून कळते. शिसे, पारा, क्रोमियम, कीटकनाशकाचे अवशेष यांचा त्यात पत्ताच नसतो. 'माती उत्तम' असा शेरा असलेल्या जमिनीवरसुद्धा मूल विषबाधेने आजारी पडू शकते. जड धातूंसाठी वेगळी तपासणी मागावी लागते आणि नमुनाही वेगळ्या रीतीने घ्यावा लागतो. शेतासाठी आपण वीतभर खड्डा करतो. इथे जिथे मुले बसतात, जिथे भट्टी होती, जिथे नाली वाहत होती, तिथली वरची दोन बोटे माती वेगळी आणि त्याखालची वेगळी घ्यायची. आकडा दशलक्ष भागांत किती असा येतो. अमेरिकेत राहत्या जागेसाठी ४०० ही पातळी वर्षानुवर्षे चालत आली होती, ती तिथल्या पर्यावरण खात्याने २०२४ मध्ये २०० वर आणली.

तपासले नाही तर काय होते? अमेरिकेत नायगारा धबधब्याच्या गावी एका रसायन कंपनीने आपला विषारी कचरा एका जुन्या कालव्यात पुरला आणि १९५३ साली ती जागा शाळा मंडळाला एका डॉलरला देऊन टाकली. तिथे शाळा झाली, आजूबाजूला घरे झाली. पुढे तळघरांत रसायने झिरपू लागली आणि १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्षांना तिथे आणीबाणी जाहीर करून कुटुंबे हलवावी लागली. आपल्याकडे मुंबईत मालाडच्या बुजवलेल्या कचराभूमीवर कार्यालये उभी राहिली, आणि काही वर्षांतच संगणक व वातानुकूलन यंत्रे वारंवार बिघडत असल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत आल्या. कुजणाऱ्या कचऱ्यातून निघणारा गंधकाचा वायू तांबे आणि चांदी खातो. खामगावच्या सराफाला हे सांगायला नको, चांदी काळी पडते ती याच जातीच्या वायूने.

म्हणजे अशा जागा सोडूनच द्यायच्या का? मुळीच नाही. याच मुंबईत उलट उदाहरणही आहे आणि ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. मिठी नदीच्या काठी, धारावीला लागून, महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. सुमारे ३७ एकर. एका वैद्यकीय परिषदेसाठी गेलो असता शीवला राहणारा भाचा मला तिथे घेऊन गेला. फाटकाबाहेर ट्रकची रीघ, आत शिरून शंभर पावले चाललो तर रस्त्याचा आवाज कमी झाला. सावली इतकी दाट की जून महिन्यात अंगावरचा घाम वाळला. शाळेची मुले फुलपाखरे मोजत होती. भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही कचऱ्यावर उभे आहात." मला पायाखाली पाहावेसे वाटले.

खरोखर ती मुंबईची कचराभूमी होती. १९७७ पर्यंत तिथे कचरा टाकत. त्याच सुमारास जागतिक वन्यजीव निधीच्या भारतीय शाखेने तिथे निसर्ग उद्यान करण्याची कल्पना मांडली. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने काम हाती घेतले, कचऱ्यावर मातीचा थर चढवला, आणि १९८३ साली पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांच्या हस्ते पहिले झाड लागले. उद्यान लोकांसाठी खुले झाले ते एप्रिल १९९४ मध्ये. तारखा पुन्हा एकदा पाहा. कचरा थांबला आणि फाटक उघडले यात सतरा वर्षे गेली. कचरा दबतो, त्यातले वायू बाहेर पडतात, झाडांची मुळे धरतात, याला वेळ लागतो. आपल्याकडे मात्र फीत कापण्याची तारीख आधी ठरते आणि मातीची चौकशी, झालीच तर, नंतर.

तिथे बाग केली, घरे नाहीत, हेही ध्यानात घ्यावे. जागेचा वापर तिच्या पोटात काय आहे ते पाहून ठरवायचा असतो. नुसता कुजका कचरा असेल तर त्यावर झाडे येतील पण पक्की इमारत खचेल. तेल-रसायन मुरले असेल तर विहीर, हापशी आधी बंद करावी लागेल. शिसे असेल तर ते पाण्यापेक्षा धुळीतून आणि हातातून जास्त पोटात जाते, म्हणून उघडी माती दिसता कामा नये.

बॅटरीच्या जागेचा दाखला आपल्याला शेजारच्या देशात सापडतो. बांगलादेशातील कठगोरा येथे अशाच सोडून दिलेल्या बॅटरीभट्टीच्या वस्तीत २०१७-१८ च्या सुमारास काम झाले. विषारी माती खरवडून एका जागी पुरली आणि झाकली, रस्ते पक्के केले, घरे आतून बाहेरून धुऊन काढली, बायाबापड्यांना समजावून सांगितले. सुमारे १४ महिन्यांत तिथल्या मुलांच्या रक्तातील शिसे एक तृतीयांशाने उतरले. शून्यावर आले नाही, हेही सांगितले पाहिजे. हाडांत साठलेले शिसे हळूहळू रक्तात येत राहते. म्हणून तर गरोदर बाईने लहानपणी खाल्लेले शिसे तिच्या पोटातील बाळापर्यंत पोहोचू शकते.

हे काम आपल्या नगर परिषदांच्या आवाक्याबाहेरचे आहे असे मला वाटत नाही. भट्टीच्या जागेची वरची माती काढणे आणि ती परवानगी असलेल्या ठिकाणी पोहोचवणे, हा खर्चाचा भाग. ते नियमानेच व्हावे, नाही तर एका फैलातले विष दुसऱ्या फैलाच्या भरावात जाईल. उरलेल्या जागेवर वेगळ्या रंगाचे जाड कापड अंथरून वर हातभर स्वच्छ माती आणि दाट हिरवळ. पुढे कधी कोणी खणले आणि ते कापड दिसले, की थांबायचे हे त्याला कळते. चालायच्या वाटांवर फरशी. झाडे कडुनिंब, करंज, बहावा अशी. मेथी-पालक, मुळा-गाजर मात्र तिथे लावायचे नाहीत. हात धुवायला नळ, हा माझा हट्ट.

एवढे केल्यावर बागेचा फायदा मोठा आहे आणि तो नुसत्या शोभेचा नाही. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात ५४१ पडीक तुकड्यांवर एक शिस्तशीर प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. काही तुकडे साफ करून तिथे हिरवळ, थोडी झाडे आणि लाकडाचे बुटके कुंपण केले, काहींचा फक्त कचरा उचलला, काही तसेच ठेवले. हिरव्या केलेल्या जागांजवळ राहणाऱ्या लोकांत उदास वाटण्याचे प्रमाण ४१.५ टक्क्यांनी घटले, गरीब वस्त्यांत त्याहूनही अधिक. नुसता कचरा उचलला तिथे म्हणण्यासारखा फरक पडला नाही. फैलातल्या बायका संध्याकाळी भिंतीकडून न भिता जाऊ लागतील तर त्यांच्या रक्तदाबावरही त्याचा चांगला परिणाम होईल, असे मला माझ्या रोग्यांवरून वाटते.

पैसा आणि जबाबदारी कोणाची, हा प्रश्न उरतो. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. तोवर केंद्रीय मंडळाच्या यादीत देशभरात १०३ दूषित जागा होत्या आणि सफाई सुरू झाली होती फक्त ७ ठिकाणी. नव्या नियमांनुसार संशयित जागांची माहिती जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी कळवायची, राज्याच्या यंत्रणेने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, दूषितपणा दिसला तर पुढे सविस्तर सर्वेक्षण, आणि खर्च ज्याने घाण केली त्याच्याकडून वसूल करायचा. तो सापडलाच नाही तर केंद्र आणि राज्य मिळून पाहायचे. साध्या कचराभूमी यात येत नाहीत, त्यांच्यासाठी स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात जुना कचरा चाळून जागा मोकळी करण्याची योजना आहे. म्हणजे कागदावर वाट झाली आहे. पण जिल्हाधिकारी कार्यालयाला आपल्या फैलामागची भट्टी स्वप्नात दिसणार नाही. कुठे काय चालत होते, किती वर्षे, नाली कुठे जात होती, हे त्या म्हाताऱ्यासारख्या माणसांनाच माहीत असते. त्यांचे म्हणणे तारीख घालून लिहून घ्यावे आणि अर्जाला जोडावे. आम्ही तसेच केले.

अर्ज निकाली निघेपर्यंत घरात काय करावे? अशा जागेजवळ राहणाऱ्यांनी चपला दाराबाहेर ठेवाव्यात. झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे, कारण झाडूने धूळ उडते आणि ताटात बसते. मुलांचे हात जेवणाआधी आणि झोपण्याआधी साबणाने धुवावेत. मूल उपाशी राहू देऊ नये, रिकाम्या पोटी शिसे जास्त शोषले जाते. दूध, दही, नाचणी, तीळ, पालेभाजी, लिंबू रोजच्या जेवणात असावे. जुन्या बॅटऱ्या भंगारवाल्याला देऊ नयेत, नवी घेताना दुकानातच परत कराव्यात. आणि माती खाणाऱ्या मुलाला मारू नये. त्याला शिक्षा नको, तपासणी हवी. शिसे उतरवणारी औषधे आहेत, पण ती साधारण ४५ मायक्रोग्रॅमच्या वर आणि रुग्णालयातच देतात. त्याखाली मुलाला त्या मातीपासून दूर ठेवणे आणि लोह-कॅल्शियम भरून काढणे, हाच उपचार.

जिनाच्या मातीचे नमुने गेले आहेत. बालोद्यानाची पाटी तयार आहे, ती अजून मंडळाच्या खोलीतच भिंतीला टेकवून ठेवली आहे. मी वर्गणी दिली, पावतीवर 'माती तपासणीसाठी' असे लिहून घेतले. मुलाचे रक्त तीन महिन्यांनी पुन्हा तपासले. आकडा उतरला आहे, पण पाचाच्या खाली यायला अवकाश आहे. परवा त्याची आई सांगत होती की भिंतीचे भगदाड तिने दिराला घेऊन विटांनी बुजवून टाकले. गारा कुठल्या मातीचा केला, असे मी घाबरून विचारले.

"वावरातली आणली जी," ती म्हणाली. "तिथली कशाले घेईन?"